एका शब्दाचा सूर

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मैदानावर आम्ही एक सामना हरलो, तो माझ्यामुळे. आणि चुकून नाही, मी हरू दिला. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती म्हणते, तुझ्या पोटातून गोष्ट काढायची तर पकड लागते. खरं आहे. आज पकडीशिवाय सांगतो.

चाळिशी ओलांडलेल्यांचा आमचा एक फ्लॅग फुटबॉलचा संघ आहे. खेळ अमेरिकन फुटबॉलचाच, फक्त हाडं मोडायची नाहीत. कमरेला दोन्हीकडे कापडी पट्ट्या लटकवायच्या; चेंडू घेऊन पळणाऱ्याची पट्टी ओढली की डाव तिथेच थांबतो. डॉक्टरांनी 'चालत जा' सांगितलेले आम्ही लोक तिथे पळायचो. आधी मी जायला लागलो. मग माझ्या मित्राला नेलं.

आम्ही पुण्याला इंजिनिअरिंगला एकत्र होतो. जर्मनीत तो माझ्या बऱ्याच मागून आला. त्याला घर मी बघून दिलं, आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, रांगेत त्याच्याबरोबर मी उभा राहिलो. आणि वर्षभरात हा माणूस जर्मन लोकांना जर्मनमध्ये हसवायला लागला! चुका करत बोलायचा, डेअर-डी-डास, तिन्ही लिंगं एका पातेल्यात. मी मात्र वाक्य आधी मनात जुळवतो, क्रियापद शेवटी आलं का बघतो आणि मग बोलतो. तोवर लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. याला मी बरेच दिवस 'जरा खटकतं' असं म्हणत होतो. मत्सर हा शब्द स्वतःपुरता वापरायला मला वेळ लागला.

पण तेही चाललं असतं. खरं दुखणं माझ्या मुलीचं.

ती इथेच जन्मली. मी विचारायचो, "जेवलीस का गं?" उत्तर जर्मनमध्ये यायचं, "या, शोन." म्हणजे हो, झालं खाऊन, विषय संपला. माझं मराठी तिला सगळं कळतं, पण माझ्याशी ती मराठी बोलायची नाही. आणि मित्र घरी आला, पत्ते मांडले की हीच मुलगी सोफ्यावर उड्या मारत म्हणायची, "काका, तू लबाड आहेस! पत्ता लपवलास!" तो म्हणायचा, "लबाड तुझा बाप. आम्ही फक्त हुशार." मग दोघं खिदळायचे. तिचा 'र' घशातून यायचा, पण भाषा मराठी. मी स्वयंपाकघरात चहा गाळत ऐकायचो. माझ्या मुलीचं मराठी मला भिंतीपलीकडून ऐकायला मिळायचं. रविवारी ती मैदानावर यायची, तीही काकाचा खेळ बघायला.

बचावात आम्ही दोघं सगळ्यात मागे असायचो. अर्धं मैदान त्याचं, अर्धं माझं. मागच्या माणसाला सगळ्यात जास्त छळतो तो तिरका धावणारा. एका बाजूने निघतो, खोलवर येतो आणि आडवा कापत दुसऱ्या बाजूला जातो. त्याच्या मागे पळालात तर फसलात. तो कुठे जाणार ते त्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं, आणि तुम्ही सोडलेली जागा मोकळी पडते. म्हणून आपल्या अर्ध्याच्या हद्दीपर्यंत त्याच्याबरोबर जायचं आणि तिथे तो शेजाऱ्याच्या हवाली करायचा. शेजाऱ्याने पाठलाग न करता समोरून त्याच्या वाटेत यायचं. आमच्या ट्रेनरबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका, याला यूबरगाबे म्हणायच्या. भाड्याचं घर सोडताना किल्ल्या देतात, तोच शब्द. मित्र म्हणायचा, "म्हणजे समोरच्याची सही झाल्याशिवाय घर आपल्याच गळ्यात."

सहीसाठी आम्ही मराठी ठरवलं होतं, म्हणजे समोरच्या संघाला कळायला नको. देणाऱ्याने ओरडायचं, "घे!" दुसऱ्याने म्हणायचं, "घेतला!" ते ऐकलं की पहिल्याने न बघता आपल्या जागी फिरायचं.

त्या रविवारी सामन्याआधी ट्रेनरबाईंनी सांगितलं, पुढच्या मोसमापासून बचाव माझा मित्र सांभाळेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कडेच्या बाकावर माझी मुलगी उभी राहून वाजवत होती. मीही वाजवल्या.

सामना संपत आला होता आणि आम्ही थोडक्यात पुढे होतो. त्यांचा उंच गडी मित्राच्या बाजूने निघाला आणि तिरका कापत माझ्याकडे आला. मित्र हद्दीपर्यंत त्याच्याबरोबर आला. "घे!"

"घेतला!" मी म्हणालो.

तो लगेच फिरला. मागे वळूनही पाहिलं नाही त्याने. ती पाठ बघून मला कसला राग आला, सांगता येत नाही. किती सहज विश्वास टाकतो हा, आणि किती सहज सगळं मिळतं याला. माझ्या बाजूने दुसरा एकजण सरळ धावत होता. मी त्याच्याकडे दोन पावलं गेलो, निमित्त म्हणून. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. उंच गड्याने तो एकट्याने झेलला आणि जवळजवळ चालतच रेषेपलीकडे गेला.

"हा कुणाचा होता?" ट्रेनरबाईंनी विचारलं.

"मी दिला होता," मित्र म्हणाला. "हा म्हणाला, घेतला."

"मी विचारलं," मी म्हणालो. "घेतला? म्हणजे तू घेतलास ना, असं."

मग सगळ्यांना जर्मनमध्ये समजावलं, की आमच्या भाषेत शब्द तोच राहतो, शेवटी सूर वर गेला की प्रश्न होतो. वाक्य व्याकरणशुद्ध होतं. पहिल्यांदाच सगळे माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकत होते.

मित्राने माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे लेका, मग गाढव मीच! तो सूर मला ऐकूच आला नाही." बाईंनी मैदानावर मराठी बंद केलं. बचाव सांभाळायचं त्याने आपणहून सोडलं. "आधी कान तपासून घेतो," म्हणाला. ते काम माझ्याकडे आलं.

घरी जाताना गाडीत मुलगी मागून म्हणाली, "बाबा, तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस."

मराठीत. माझ्याशी.

मी आरशात न बघता म्हणालो, "तुला कुठे एवढं मराठी कळतं?"

 पुढच्या आठवड्यात मित्र आला. नेहमीसारखं चिडवायला लागला, तर तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं. "अगं, जीभ बदलून आणलीस का?" तो म्हणाला. ती जर्मनमध्येच म्हणाली, माझं मराठी चांगलं नाही, मला नीट ऐकू येत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. "ही असं काय बोलते?"

"वय आहे," मी म्हणालो.

आणि खरं सांगतो, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. आता त्यालाही माझ्याएवढंच मिळणार होतं.

तो अजून खेळतो. हद्दीवर मला जर्मनमध्ये विचारतो, घेतलास का, आणि मी हो म्हटल्यावरही मान वळवून बघतो. त्यात त्याचं एक पाऊल जातं. उशीर झाला म्हणून तो स्वतःवरच चिडतो, माझ्यावर नाही. मुलगी मैदानावर येत नाही. घरी आता कुणीच तिचं मराठी ऐकत नाही, भिंतीपलीकडूनही नाही.

मित्राचे कान ठीक होते, हे मला त्याला सांगायचं आहे. मुलीने बरोबर ऐकलं होतं, हे तिला सांगायचं आहे, मराठीत आणि तिच्या काकासमोर. दोन्ही अजून राहिलं आहे.