बर्फाचा किनारा आणि एक तांब्या पाणी

माझ्या बाबांनी समुद्र पाहिलेला नाही. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की समुद्राबद्दल, त्यातही अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याबद्दल, त्यांच्याइतकं बोललेला माणूस अख्ख्या अकोल्यात दुसरा नसेल. भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाले तरी वर्ग सुटला नाही, फक्त विद्यार्थी कमी झाले. आधी आई आणि मी होतो. मग मी लग्न होऊन अमरावतीला आले आणि ऐकायला उरली एकटी आई.

उन्हाळ्यात पारा चढला की त्यांना ते खंड जास्तच आठवायचं. कूलरनं हात टेकलेले, आई घाम पुसत कुरड्या घालते आहे, आणि बाबा सांगताहेत. शेकडो वर्षं लोकांनी नकाशाच्या तळाशी एक मोठी भूमी नुसत्या अंदाजानं काढून ठेवली होती. मग एक कप्तान लाकडी जहाजं घेऊन तिला सगळा वळसा घालून आला. त्याला बर्फाशिवाय काही दिसलं नाही, आणि पलीकडे जमीन असलीच तर ती कुणाच्या कामाची नाही असं म्हणून तो परत फिरला. त्याच्यामागून सीलची शिकार करणारे गेले. त्यांना किनारे सापडले, पण धंद्याची जागा कोण कुणाला सांगतो? त्यांनी ते गुपचूप सोलून रिकामे केले. पुढे कुणाला पाण्याच्या काठापर्यंत उतरलेली डोंगरांची रांग दिसली, कुणाचं जहाज बर्फात सापडून चिरडलं. बाबा हे असं सांगायचे की वाटावं, आमचा एखादा चुलत आजोबाच त्या जहाजावर होता.

"एका कप्तानानं तं तिथल्या किनाऱ्याले आपल्या बायकोचं नाव देल्लं," ते एकदा म्हणाले.

"तिले नेलं का मंग त्यानं तिथं?" आईनं विचारलं.

"नाई. ते घरीच होती."

"मंग त्या नावाले काय चाटाचं हाय?"

आईचं सगळं बोलणं असंच, रोखठोक. ती ऐकायची मात्र सगळं. फक्त एक गोष्ट तिला कधीच पटली नाही. त्या समुद्रात तरंगणारे बर्फाचे डोंगर मुळात जमिनीवरच्या बर्फाचे, किनाऱ्यावरून तुटून आलेले, म्हणून ते गोड्या पाण्याचे असतात. खलाशी त्यांचे तुकडे जहाजावर ओढून घेत, वितळवत आणि पीत. हे ऐकलं की आईचा हात थांबायचा.

"खाऱ्या पान्यात गोडं पानी तरंगते? बाप्पा! उगाच बाता मारू नोका."

तिला ते पटणार कसं? तिचं माहेर अंजनगावच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरींना पाणी आहे, पण खारं. त्यात डाळ शिजत नाही, चहा केला तर दूध फाटतं. गोडं पाणी लांबून बैलगाडीवर ड्रम भरून आणायचं. घरात त्याचा माठ वेगळा, कोपऱ्यात, वर ओलं फडकं. ते पाहुण्यांचं पाणी. घरच्यांनी खारंच प्यायचं, आणि पाहुणा दारात दिसला की घरातल्या पोरीनं गोड्या पाण्याचा तांब्या पुढे करायचा. ही पोरगी म्हणजे माझी आई. लग्न होईपर्यंत तिनं तो तांब्या दुसऱ्यांपुढेच केला.

अकोल्यात आली, नळाचं गोडं पाणी मिळालं, तर बाईसाहेबांना ते फिक्कं लागायला लागलं. "याले काई चवच नाई," म्हणायची. मग माझा मामा बाजाराच्या दिवशी एसटीतून माहेरच्या विहिरीच्या पाण्याची कॅन घेऊन यायचा. स्वयंपाक नळाच्या पाण्यावर, आणि पिण्यापुरतं तिचं तिला खारं. वर्षानुवर्षं हे चाललं. आम्हाला त्याचं हसू यायचं. बाबा तर वर्गात कौतुकानं सांगायचे की मास्तरीणबाईंनी घरातच समुद्र आणून ठेवलाय.

मग आईच्या पायांवर सूज आली, तोंडाची चव गेली, आणि तपासण्यांमध्ये दोन्ही किडन्या बाद झालेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, पाण्यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण त्या पट्ट्यातली माणसं माझ्याकडे फार येतात.  घरी आल्यावर बाबांनी मामाची कॅन मोरीत उपडी केली आणि ती रिकामी कॅन धरून बराच वेळ तिथंच उभे राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढ्या दूरच्या किनाऱ्याचा खडक न खडक ठाऊक असलेल्या माणसाला स्वतःच्या घरातल्या माठात काय आहे ते कळू नये? हा राग अजूनही पुरता गेलेला नाही.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा दवाखाना, आणि दिवसभरात मिळून अर्धा लिटर पाणी. औषधाच्या गोळ्या, चहा, वरणाचं पाणी, सगळं त्यातच. बाबांनी एका बाटलीवर रेघ मारली आणि त्या रेघेवर पहारा बसवला. आईची जीभ टाळूला चिकटायची. एका शनिवारी मी अमरावतीहून पोहोचले तर ती हात धुवायच्या निमित्तानं मोरीत गेलेली, आणि बाबा बाहेरून ओरडत होते, "चूळ भरून थुक! आवाज आला पायजे मले थुकल्याचा!" संसाराच्या शेवटी दोघांवर ही पाळी यावी, याचं मला रडू आलं.

बर्फाची युक्ती दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितली. पाणी पिण्यापेक्षा बर्फाचा खडा चघळला तर थोड्या पाण्यात तहान जास्त वेळ भागते. बाबांना जणू हुकूमच मिळाला. रेघेपर्यंतचं पाणी मोजून ते साच्यात ओतायचे, आणि खाटेशी बसून एकेक खडा तिच्या जिभेवर ठेवायचे.

"घे. हा किनाऱ्यावरून तुटून आला, पाह्य. खलाशी असेच चघळत."

"गोडा हाय," आई डोळे मिटून म्हणायची. त्या दिवसांत तिनं पहिल्यांदा त्यांची ती गोष्ट खरी मानली. खडा विरला की बाबा तिला तिकडचे डोंगर, तिकडचा सहा महिन्यांचा अंधार सांगत राहायचे, म्हणजे दुसरा खडा मागायला उशीर व्हावा. एकदा मोठ्या लाडात येऊन म्हणाले, "मी कप्तान असतो तं एका किनाऱ्याले तुह्यं नाव देल्लं असतं."

"किनारा नोको," आई म्हणाली. "माह्या नावाचा तांब्या भरून द्या पान्याचा."

बाबांनी मान फिरवली आणि साचा परत फ्रीजमध्ये ठेवला.

पुढे डायलिसिसही तिला झेपेना. मशीनवर घेतलं की रक्तदाब कोसळायचा. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाले, आता घरी न्या, आणि त्यांना जे हवं ते खाऊ-पिऊ द्या. त्याचा अर्थ न कळण्याइतकं कुणीच लहान नव्हतं.

पण घरी आल्यावर बाबांनी पुन्हा ती रेघेची बाटली काढली. पुन्हा साचा, पुन्हा मोजून एकेक खडा. आई पाण्याकडे पाहायची आणि ते तिला किनारा सांगायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा तोल गेला.

"बाबा, द्या ना तिला पाणी! डॉक्टरांनी सांगितलं ना आता काहीही द्या म्हणून. कोणासाठी मोजून राहिले तुम्ही?"

बाबांच्या हातात साचा होता. म्हातारा माणूस रडतो तेव्हा फार वाईट दिसतं.

"देल्लं म्हंजे झालं न मंग," ते म्हणाले. "मोजून राहिलो तंवर तुही माय हाय."

 मी खोलीतून निघून आले आणि उगाच ओटा पुसत बसले.

संध्याकाळी बाबा स्वतःच स्वयंपाकघरात आले. फ्रीजमधला होता नव्हता तेवढा बर्फ त्यांनी एका पातेल्यात काढला आणि तो वितळेपर्यंत शेजारी पाटावर बसून राहिले. मग फडताळातला पितळी तांब्या काढला. तो आईच्या माहेराहून आलेला, एरवी पाहुण्यांसाठीच निघायचा. त्यांनी तो काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, तिच्या खाटेपाशी नेला. मी तिला पाठीशी हात घालून बसवलं.

आईनं तांब्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. ज्या बाईनं लहानपणापासून तो तांब्या दुसऱ्यांपुढे केला, तिला काय कळायचं ते कळलं.

"भरून आनला?" ती म्हणाली. "अन् गोडं पानी? म्हंजे मी आता पावनी व्हय का या घरात?"

 बाबांनी तांब्या तिच्या ओठांशी धरला. आई प्यायली. थांबत थांबत, दम घेत, सगळा प्यायली. थोडं पाणी हनुवटीवरून लुगड्यावर ओघळलं, ते कुणी पुसलं नाही.

"फिक्कं हाय," ती म्हणाली. "पन बरं वाटलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. घर माणसांनी भरलं. मामा गावाहून आला, दारात चपला काढून भिंतीशी टेकला. कुणीतरी म्हणालं, त्यांना पाणी द्या. बाबा उठले, आत गेले, आणि तो पितळी तांब्या घेऊन बाहेर आले. मामापुढे गेल्यावर त्यांनी तांब्यात पाहिलं. आई प्यायल्यापासून तो कुणी भरलाच नव्हता.