सावलीला बसायचं राहिलं होतं

सांगलीतल्या वनस्पती उद्यानात मी रोज सकाळी फिरायला जाते. मध्यंतरी काही दिवस तिथं एक म्हातारे गृहस्थ दिसायचे. धोतर, पांढरी टोपी, पायांत जाड वहाणा. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा ते झाडांच्या बुंध्यांवरून हात फिरवायचे आणि वर बघत उभे राहायचे. एकदा बोलणं झालं. कडेगावकडचे शेतकरी. बायको जवळच्या दवाखान्यात होती. तिला भेटायची वेळ होईपर्यंत ते इथं थांबत.

एका सकाळी ते तिलाच घेऊन आले. एका दाट झाडाखाली घोंगडं अंथरून त्यांनी तिला बुंध्याला टेकवून बसवलं.

"बरं वाटतंय वाटतं यांना?" मी विचारलं.

ते बाजूला आले आणि हळूच म्हणाले, "न्हाई ताई. डाक्टर म्हनलं, आता घरी न्या. मी म्हनलं, जाताना हितनं न्यावी. जलमभर उसात राबली, पर सावलीला म्हनून कवा बसली न्हाई."

तेवढ्यात तिनंच हाक मारली, "आवं, उभं का? बसा की तुमीबी."

ते तिच्याशेजारी जाऊन अवघडून बसले. नुसतं बसायची सवय त्यांनाही नव्हती.

बाहेर त्यांचा गाडीवाला हॉर्न वाजवू लागला. ते उठू लागले, तशी मी त्यांना हातानंच थांबवलं आणि फाटकाशी गेले.

"जरा थांबा," मी त्याला म्हटलं, "ती दोघं बसलीत."

त्यानं आत पाहिलं आणि गाडी बंद केली.