खोगिराला लागलेली हळद

चामड्याला लावायच्या तेलाचा वास आला की मला अमेरिकेतल्या आमच्या एडिसनच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवरची ती खंडेनवमी आठवते. आई नागपूरहून आली होती आणि आम्ही कारला झेंडूचा हार घालत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याच सकाळी गॅरेज सेल मांडला होता; त्यांच्या मुलांना घरातलं जुनं काही नको होतं म्हणून. दिवे, कपबश्या, आणि मध्येच एक काळं, भेगाळलेलं खोगीर. मी वळून बघेपर्यंत आईनं त्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं उठवून हात जोडलेसुद्धा. वस्तू दुसऱ्याची, चामडं जुनं, हळदीचा डाग कुठला निघतोय. मी सॉरी म्हणत खिशातून टिश्यू काढला, तोवर बाई जवळ येऊन हे काय म्हणून विचारू लागल्या. “ज्याच्यावर घर चालतं त्याची आज पूजा असते, सांग त्यांना,” आई म्हणाली. मी सांगितलं. त्यांनी खोगिरावर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “दीडशे वर्षांपूर्वी माझे पणजोबा घोडदळात साधे शिपाई होते. पणजी छावणीत शिपायांचे कपडे धुवायची. माझी आजी लहानपणी याला टेकूनच झोपायची.” त्यांनी माझ्या हातातला टिश्यू काढून घेतला आणि खोगीर उचलून आत नेलं. आता त्या नाहीत. जाण्याआधी त्यांनी ते माझ्याकडे दिलं. दर खंडेनवमीला मी त्याला तेल लावतो, आईची ती दोन बोटं तेवढी सोडून.