पाच घरांचं नाताळ आणि अंतोनचं ताट

"मग ते बसणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

फिलू हे बोलली तेव्हा भांडणाला चांगली पंधरा मिनिटं होऊन गेली होती. ताटातल्या तळलेल्या फुग्यांवर माशा यायला लागल्या होत्या आणि आमच्या पाच घरांची बावीस माणसं अंगणातल्या मांडवात आपापल्या ताटापुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. फिलू म्हणजे माझी धाकटी जाऊ, फिलोमिना. 'ते' म्हणजे उरणचे सांतान मिस्त्री. त्यांना नाताळच्या जेवणाला बोलावलेलं, आणि ते टोपी हातात धरून उभे. मांडवात रिकामी खुर्ची एकच होती. तिच्यापुढे ताट वाढून ठेवलेलं होतं. ते ताट माझ्या दिराचं, म्हणजे फिलूच्या नवऱ्याचं, अंतोनचं. अंतोन लढाईच्या दिवसांत बोटीवर खलाशी म्हणून गेला, त्याला आठ वर्षं झाली होती.

भांडण जरा तिथेच राहू द्या. पळून जात नाही ते. त्या ताटाचे किस्से आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल दोन बायका एका खुर्चीवरून भांडल्या.

आमच्याकडे मसाला उन्हाळ्यात कुटतात आणि बिअरच्या काळ्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात. भरली वाटली तरी काठीने दाबा, आणखी चार चमचे मावतात. नाताळच्या किश्श्यांचं तसंच आहे. पनवेलात आमची किरिस्तावांची घरं पाचच, म्हणून डुक्कर एक, चूल एक, मांडव एक. खुर्च्या ज्याने त्याने घरून आणायच्या. आणि स्वयंपाक माझा. मला कोणी शिकवला नाही. अक्षरंसुद्धा मी कब्रस्तानातल्या क्रुसांवरची नावं बोटाने गिरवत शिकले. त्यामुळे मला आधी मेलेल्यांची नावं लिहिता आली, जिवंतांची नंतर!

*

आमच्या पाच घरांत एक रीत होती. वर्षात जो गेला असेल त्याचं ताट येणाऱ्या नाताळला मांडायचं. फक्त एकदाच. सगळे जेवून उठले की ते ताट दारात येईल त्या पहिल्या माणसाला द्यायचं, म्हणजे गेलेला जेवून गेला.

म्हातारे सबास्तीन काका गेले त्या साली त्यांच्या बायकोने ताटातलं सोरपोतेल, म्हणजे डुकराचं कालवण, मुद्दाम अळणी काढून ठेवायला सांगितलं. डॉक्टरने त्यांना मीठ बंद केलं होतं ना! मी म्हटलं, "काकी, आता कसलं पथ्य?" तर म्हणाली, "तू गप. त्यांनी तिकडे पाय सुजवून घेतले तर चोळायला कोण जाणार?"

*

अंतोनचं ताट मात्र एका वर्षात उठलं नाही. त्याची बोट बुडाली असं कोणी म्हणे, कोणी म्हणे दुसऱ्याच बंदरात लागली. कागद आला नाही, कपडे आले नाहीत. माय म्हणाली, मेलेल्यासाठी देवळात करतात तो मिस्सा त्याच्या नावाने नको, तो येईपर्यंत ताट मांडा. माय म्हणजे आमची सासू. तेव्हापासून दर नाताळला ताट मांडायचं आणि शेजारी फिलूने जेवायचं.

अंतोनला बदकाचं मोयलं प्रिय. आलं-मिरची, अख्खा मसाला, वरून व्हिनेगर. बदकाचं हाड तो दाताने फोडायचा, चोखायचा आणि ताटाच्या काठावर ओळीने लावायचा, लहानापासून मोठ्यापर्यंत. मी म्हणायचे, "भावजी, कवायत घेताय का हाडांची?" तर म्हणायचा, "वयनी, मोजून ठेवतो. पुढच्या साली कमी वाढलंस तर कळेल."

*

दुसऱ्या साली जेवणं झाल्यावर दारात एक म्हातारी आली. मिठागरावर काम करणारी, अंगावर मीठ वाळलेलं. फिलूने अंतोनचं ताट उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं. ताटाला कोणाचा हात लागलेला नव्हता. मी स्वतः वाढलेलं, माझ्या डोळ्यांसमोर होतं.

म्हातारी ताटाकडे बघत राहिली. मग तिने ते दोन बोटांनी परत सरकवलं.

"बाय, गरीब हाय मी," ती म्हणाली, "पन उष्टं नाय खात."

मी तिला दोन शब्द सुनावले. नंतर ताट उजेडात नेऊन बघितलं. फुगे सहा होते, मी सहाच वाढले होते. मोयल्याचा रस्सा होता तेवढाच होता. मला तरी काही दिसलं नाही. पण मग मीही ते दुसऱ्या कोणाला दिलं नाही. परसात पुरलं.

*

मी भुतं मानत नाही. मी चूल मानते आणि क्रूस मानते, त्यातही चूल आधी. अंतोन गेला त्या उन्हाळ्यात मायने त्याच्या नावाची मसाल्याची एक बाटली भरून, बूच लावून, वर मेण ओतून फळीवर ठेवली होती. तो आल्यावर त्यानेच फोडायची. चौथ्या साली फळी झाडताना मी ती खाली काढली. मेण जसंच्या तसं, मायच्या अंगठ्याचा ठसासुद्धा त्यावर. पण आत मसाला चार बोटं उतरलेला.

मी मायला सांगितलं, मसाला बसतो, हवा निघते, खाली दबतो. माय म्हणाली, "हां, बसतो." मग बाटली माझ्या हातून घेऊन तिने फळीवर परत ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढल्या साली मोयल्यान मसाला जरा जास्ती घाल."

*

आता माझ्या मोठेपणाचा किस्सा. बढाई म्हणा हवं तर. माय वर्षभर पेजेवर राहायची. वाटीभर पेज, लोणच्याची फोड, संपलं. पण त्या पाचव्या नाताळपासून ती माझ्या हातचं जेवायला लागली ती काय विचारता! सहा फुगे, मोयलं दोनदा, सोरपोतेल ताट पुसून. चुलीपाशी उभ्या उभ्या माझी छाती फुगायची. मी सगळ्यांना दाखवायचे, "बघा, याला म्हणतात हात!"

उष्टी ताटं मात्र मीच उचलायचे, आणि मायच्या ताटाच्या काठावर बदकाची हाडं असायची, फोडून चोखलेली, ओळीने लावलेली. मायच्या तोंडात दात एकही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मांजर आलेली गो."

आमची मांजर त्या पावसाळ्यातच मेली होती. पण सणाच्या दिवशी सासूशी वाद कोण घालतं? शिवाय माझं जेवण संपत होतं, मला आनंद. अंतोनचं ताट त्या सालापासून जसंच्या तसं राहायचं, चरबीची साय जमलेली. दारात येणारा कोणी ते परत करत नव्हता, खुशाल खाऊन जायचा. मला वाटलं, चला, मिटलं. दर नाताळानंतर माय थोडी आणखी वाळलेली दिसायची. मी म्हणायचे, वय.

*

भांडणाच्या आधल्या नाताळचं सांगते. दारूबंदी नुकतीच आली होती. आमचे फुगे म्हणजे मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी. ताडीशिवाय पीठ येत नाही, तळायला टाकलं तर गोट्या होतात. पूर्वी ताडी आणायचं काम अंतोनचं. आता ताडी कुठली? मी पिठात नुसतं कोमट पाणी घातलं, वर क्रूस काढला आणि झाकून ठेवलं. म्हटलं, या साली गोट्या खा.

सकाळी मिस्सावरून आलो तर पातेल्याचं झाकण जमिनीवर. पीठ काठावरून उतू चाललेलं, आणि अंगणभर ताडीचा वास. एवढा, की रस्त्याने जाणारा हवालदार आत आला. "बाई, ताडी काढा बाहेर." मी म्हटलं, शोधा. सापडली तर वाटीभर आम्हालाही द्या! त्याने कणगी उघडली, माठ हुंगले, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा सोडलं नाही. घरात ताडीचा थेंब नव्हता. शेवटी तो पातेल्यावर वाकला, पीठ हुंगलं, सरळ उभा राहिला आणि विचारलं, "हे पीठ भिजवलं कोणी?"

मी सांगितलं, मी.

"आणि ताडी कोणी आणली?"

 फिलू हातातली परात खाली ठेवून आत गेली. त्या नाताळला तिने फुग्याला हात लावला नाही.

*

तर असं ते ताट. आता भांडणाकडे या.

सांतान मिस्त्री विधुर होते, हाताचे चांगले, बोलायला कमी. त्यांनी फिलूला मागणी घातली होती आणि फिलूने होय म्हटलं होतं. अडलं होतं पाद्रींपाशी. ते म्हणाले, घरची माणसंच अंतोनला जिवंत धरून जेवायला वाढतायत, तर मी लग्न लावू कसं? ज्या दिवशी त्याची आई ताट उचलू देईल त्या दिवशी या. फिलू तेव्हा बत्तिसाची होती. म्हणजे तिचा उरलेला जन्म त्या एका ताटावर होता, आणि तिने त्याच नाताळला, मुद्दाम, खुर्ची आणायला न सांगता मिस्त्रींना बोलावलं होतं.

मी ताटाच्या बाजूने भांडले. लपवत नाही. मी म्हटलं, "फिलू, तुला घाई सुटलीय. उद्या तो दारात उभा राहिला तर काय सांगशील? तुझ्या खुर्चीवर सुतार बसवला?"

मिस्त्री हळूच म्हणाले, "वयनी, मी उभ्याने जेवतो. माझा जन्म लोकांच्या खुर्च्या करण्यातच गेला."

"तुम्ही बसणार," फिलू म्हणाली. "त्याच खुर्चीवर."

माझा नवरा पास्कू, जो दोन बायकांच्या मध्ये कधी पडला नाही, तो म्हणाला, माझी खुर्ची घ्या, मी ओट्यावर जातो. फिलूने त्याला हाताने बसवलं. मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मी तिला जिंकू दिलं नसतं.

"आठ नाताळ मी त्याच्या शेजारी बसून जेवले, वयनी. एक घास तरी मला विचारून खाल्ला त्याने?"

 मांडवात सगळ्यांच्या माना मायकडे वळल्या, कारण शब्द शेवटी तिचाच. माय टेबलाच्या टोकाला बसली होती. एवढ्या भांडणात ती एकटीच जेवत होती, मान खाली घालून, भराभरा. पदरातून बाहेर आलेलं तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं. ताटात मोयल्याचा थेंब उरला नव्हता. हातातलं हाड तिने काठावर ठेवलं, ओळीच्या टोकाला, सगळ्यांत मोठं. मग तिने मान वर केली. तिचे डोळे रडलेले होते, पण तोंड चालूच होतं.

"उचल गो फिलू ते ताट," माय म्हणाली. "चार नाताळां झाली, तो माज्याच ताटान जेवतो."