हमीदाचाची आणि उलटी चढलेली घाटी

एकोणीसशे अठ्ठावन्नचा मे महिना, मालगुंडच्या पुढचं आमचं खाडीकाठचं गाव... आणि सकाळची नऊची एसटी हमीदाचाचीला न घेताच निघून गेलेली. तेव्हा मी वीस वर्षांची होते. आता सत्त्याऐंशीची आहे आणि एका बोटाने टाइप करतेय, तेव्हा चुका पोटात घाला.

हमीदाचाची आमची शेजारीण. हजला निघाली होती. दुपारी दोनला रत्नागिरी बंदरातून मुंबईची बोट, आणि तिसऱ्या दिवशी मुंबईहून हजचं जहाज. बरोबर जाणारा तिचा खलाशी मुलगा मुंबईत वाट बघत होता, दीर सामान घेऊन आदल्या दिवशीच बंदरावर गेला होता. ही बोट चुकली तर जहाज गेलंच... आणि नवरा गेल्यापासून बारा वर्षं चाची या एका गोष्टीसाठी जगत होती.

मग एसटी चुकली कशी? तर हजला निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायची असते, आणि चाची ते काम अगदी मन लावून करत होती. तिची वाडी झाली, आमची आळी झाली, शेवटचं घर आमचं. “काय चुकला-माकला असल तर माफ करा हां,” म्हणत ती आईच्या गळ्यात पडली. आईही रडायला लागली, मग चहा झाला... आणि आम्ही नाक्यावर धावेपर्यंत नुसता लाल धुरळा उरला होता.

दारात नानांची गाडी उभी होती. नाना म्हणजे माझे वडील, पंचक्रोशीतले एकुलते एक डॉक्टर. गाडी जुनी आणि इतकी लहान की सगळा गाव तिला ‘डबी’ म्हणायचा. महिन्यापूर्वी स्टार्ट करताना हँडल उलटं फिरलं आणि नानांचं मनगट मोडलं. तेव्हापासून त्यांना व्हिजिटला मी न्यायचे, पण गावातल्या गावात. रत्नागिरीच्या वाटेवरची उभी घाटी मी कधीच चढवली नव्हती, आणि नानांनी बरोबर यावं तर तिसऱ्या माणसाला घेऊन डबी ती चढली नसती.

“मी नेते,” मीच म्हटलं. नानांनी एकदा प्लास्टरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “घाटी उलटी चढव,” एवढंच म्हणाले.

त्याचं कारण असं, की डबीची पेट्रोलची टाकी सीटखाली. चढ उभा झाला की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायचंच नाही. रिव्हर्समध्ये घातली की टाकी वर, इंजिन खाली... मग चढायची.

चाची शेजारी बसली. एका हातात जपाची तसबी, मांडीवर मक्केहून झमझमचं पवित्र पाणी आणायचा रिकामा डबा, आणि डोळे गच्च मिटलेले. “गावाकडं बघायचा नाय. बघितला तर पाय निघायचा नाय माझा,” म्हणाली.

आता मी कसली नानांचं ऐकतेय! उलटं कशाला, जोरात नेली की चढेल, म्हणून सरळच घातली. अर्ध्यावर डबी दोनदा खोकली आणि बंद पडली. मी ब्रेकवर उभी राहिले. चाचीने उतरून, गावाकडे न बघता, चाकामागे जांभ्याचा दगड लावला.

पण परतायचं नव्हतं. चाची दगड काढून पुन्हा डोळे मिटून शेजारी बसली. ब्रेकवर पाय ठेवून, तसूतसू सरकवत गाडी खाली आणली, वळवली. नानांसारखं व्हायला नको म्हणून अंगठा बाहेर ठेवून हँडल मारलं, रिव्हर्स टाकला आणि मान मागे वळवली. ठरवलं... आता मान मोडली तरी चालेल, गाडी थांबवायची नाही.

एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला सरळ खाली काजूची झाडं. दुसऱ्या वळणावर खडीवरून चाक घसरलं. तरी पाय उचलला नाही.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, “अगो बाय माझे...”

गाडी उलटी चढत होती, त्यामुळे सगळा गाव चाचीच्या समोर होता. आणि तिने डोळे उघडले होते! खाडी, मशीद, तिचं कौलारू घर... एकेक बोटाने दाखवत होती. “ती बघ, तुझी आई अजून बांधावर हाय!” मला कुठलं दिसायला, माझी मान मागे. मग तीच मला सांगत राहिली, रडत आणि हसत. शेवटच्या वळणापर्यंत ती हात हलवत होती.

पुढे सड्यावरचा उघडा माळ, खड्डे, धूळ. एकदा रेडिएटर उकळला, तर चाचीचा झमझमचा डबा विहिरीवर भरून गाडीला पाजला. बंदरावर पोचलो तेव्हा बोट खोल पाण्यात उभी होती, आणि तिच्याकडे माणसं नेणारा शेवटचा पडाव दोर सोडत होता. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. दिराने हात दिला, आणि चाची गुडघाभर पाण्यातून पडावात चढली.

चाची परत आली नाही. हज पूर्ण झाला आणि तिकडेच, चार दिवसांच्या तापाने गेली. तिच्या वाडीतली माणसं म्हणाली, त्या पवित्र भूमीत मरण आलं, नशीबवान. पण तिला बोटीवर मीच पोचवलं होतं, मला फार दिवस जेवण गेलं नाही.

मग तिचा मुलगा घरी आला. म्हणाला, अम्मी जहाजावर भेटेल त्याला एकच सांगायची... “सगले गावाला पाठ करून निघाले, मी गावाकडं तोंड करून निघालंय.”

त्या डबीला ती घाटी सरळ चढता आली नाही, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.