ढमी बाबाकडे आली की

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सोबतचे 'गप्पिष्ट' म्हणायचे, कारण तो बोलतच नसे. दिवसभर तो कुठल्या ना कुठल्या उंच इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत एकटा असायचा. खाली लिफ्टमध्ये कुणी अडकलं की वरून त्याचा आवाज यायचा, "घाबरू नका, दार ढकलू नका." एवढंच. सुटका झालेल्या माणसांना तो पुढे दिसायचाही नाही.

त्याचा संसार मोडला तोही आवाज न होता. बायको दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर होती. दिवसभर बोलून घरी यायची आणि घरी भिंतींशी बोलायची. एक दिवस ती म्हणाली, "तू कामावर गेलास की मी एकटी असते, आणि तू घरी आलास की आणखीच एकटी." यावर काय म्हणावं ते त्याला सुचलं नाही. तिची तक्रार नेमकी तीच होती. लेक आईकडे राहिली. त्याच्या वाट्याला शनिवार-रविवार आले.

लेकीचं लाडाचं नाव ढमी. तान्ही असताना गालांपुढे तिचे डोळे दिसायचे नाहीत, म्हणून पडलेलं. आता सात वर्षांची ढमी नावापुरतीच ढमी उरली होती. फ्रॉकच्या बाहीतून हात बाहेर यायचे ते काड्यांसारखे. त्याने तिच्यासाठी खिडकीजवळ पलंग घेतला, पिवळा पडदा लावला, रंगपेटी आणली. पण त्याला स्वयंपाक येत नव्हता. त्याचा भात एक तर टणक व्हायचा, नाही तर खळ. ढमी दोन घास चिवडून शहाण्यासारखं म्हणायची, "मला भूकच नाहीये बाबा."

तो ज्या इमारतींच्या लिफ्ट बघायचा, त्यांतल्या एकीच्या तळमजल्यावर व्यायाम करणाऱ्यांच्या पावडरी आणि गोळ्यांचं दुकान होतं. दुकानदार बोलघेवडा. ह्याने कधी नव्हे ते तोंड उघडून पोरीचं सांगितलं, तर त्याने लगेच एक चकचकीत डबा काढला. "अहो, एवढंच ना! दुधात दोन चमचे घालायचे. भूक, ताकद, डोकं, सगळं यात आलं. माझी भाची घेते."

चॉकलेटच्या चवीचं ते दूध ढमीने गटागटा प्यायलं आणि ओठांवर मिशी घेऊन हसली. गप्पिष्टला धन्य वाटलं. मग दोनाचे तीन चमचे झाले. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. जेवण राहिलं तरी चालेल, दूध तर जातंय पोटात, असं तो मनाशी म्हणायचा.

आणि ढमी बिघडली. खोलीभर धावायची, भिंतीवर थापा मारायची, हसता हसता एकदम रडायला लागायची. रंगपेटी तिने खिडकीतून फेकली. तो तिला उचलून घ्यायला गेला तर त्याच्या मनगटाला कडकडून चावली. पलंगावर टक्क उघड्या डोळ्यांनी पडून राहायची आणि म्हणायची, "माझ्या छातीत कुणीतरी पळतंय." त्याला वाटलं, खेळ चाललाय. रविवारी संध्याकाळी तो तिच्या आईच्या हातात एक कोमेजलेलं, चिरचिरं पोर ठेवायचा.

"तुझ्याकडे होतं काय नक्की?" बायकोने फोनवर विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? दर सोमवारी शाळेतून तक्रार येते. ताळ्यावर यायला तिला दोन दिवस लागतात."

त्याने आपल्यापुरतं उत्तर काढलं होतं. जे बायकोला कळायला आठ वर्षं लागली, ते पोरीला सातव्या वर्षीच कळलं होतं. ह्या माणसाजवळ राहवत नाही, हे.

मधेच एका शनिवारी ढमी घसा बसून आली. आईने बजावलं होतं, दूध द्यायचं नाही. गप्पिष्टने तिला ऊन पाणी आणि मऊ भात दिला. त्या दोन दिवसांत ढमी त्याला टेकून बसली, चित्रं काढली, गाढ झोपली. जाताना त्याचं बोट सोडेना. तो आठवडाभर हवेत होता. मशीनच्या खोलीत चक्क शीळ घालत होता. पुढच्या शनिवारी ती बरी होऊन आली, त्याने कौतुकाने पेला भरला, आणि दुपारपर्यंत पुन्हा तेच. ह्या खेपेला तिने स्वतःच्या हाताला चावून घेतलं.

बायको म्हणाली, "ती नको म्हणतेय यायला. तू इकडेच येत जा. तासभर बागेत बसा. मी असेन बाजूला."

"बरं," तो म्हणाला.

पुढे काही दिवसांनी तो एका जुन्या लिफ्टपाशी बसला होता. आदल्या दिवशी चालत होती, आज अडत होती. अशा वेळी तो स्वतःला एकच विचारायचा : मधे बदललं काय? हातात पाना होता तसाच राहिला. घसा बसलेल्या शनिवारी काय बदललं होतं? घर तेच, तोही तोच. फक्त दूध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ढमीचा पेला स्वतःसाठी भरला, तीन चमचे घालून, आणि काही न खाता कामावर गेला. तासाभरात बोटं थरथरायला लागली, स्क्रू खाचेत बसेना. छाती धडधडायला लागली. वॉचमनने नेहमीसारखं "चहा?" विचारलं, तर हा त्याच्यावर खेकसला. वॉचमन रागावला नाही, हरखलाच. "अरे, गप्पिष्ट ओरडला!" म्हणत इमारतभर सांगत सुटला. गप्पिष्ट जिन्यात बसला होता. आपल्यासारख्या दणकट गड्याचं हे होतं, तर त्या काडीएवढ्या पोरीचं काय झालं असेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. छातीत पळणारं ते कोण, हे आता त्याला कळत होतं.

तो मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाकावर आया आपापली बाळं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यात हा, मांडीवर डबा घेऊन.

"पेशंट कुठाय?" नर्सने विचारलं. त्याने डबा दाखवला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. "यात कॉफीत असतं तेच उत्तेजक आहे. कुठल्याशा झाडाचं नाव छापलंय, म्हणून लक्षात येत नाही. आणि साखर भरपूर. जेवायची का ती?"

"फारसं नाही."

"म्हणजे जवळजवळ उपाशीपोटी." त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे त्याला आणखीच वाईट वाटलं. "सगळं याच्यामुळेच झालं, असं तिला न बघता मी म्हणणार नाही. पण हे आजपासून बंद. साधं जेवण, वेळेवर झोप. तरी तसंच राहिलं, तर डबा नको, पोरीला घेऊन या."

त्या शनिवारी बागेत जाताना त्याने वाक्यं पाठ केली होती. बायकोसमोर ती सगळी विसरला. "माझ्यामुळे झालं," एवढं म्हणून त्याने डबा बाकावर ठेवला. मग तुटक तुटक सगळं सांगितलं.

तिने ते ऐकून घेतलं. "हे फोनवर नसतं सांगता आलं?"

"फोनवर मला बोलता येत नाही."

"समोर तरी कुठे येतं!" ती म्हणाली, आणि क्षणभर तिला हसू येणार असं वाटलं. पण तिचे डोळे भरले. "मी तिला रोज विचारत होते, बाबा ओरडतो का, मारतो का, अंगाला हात लावतो का. काय काय विचारलं मी तिला..."

त्याच्याबद्दल त्या घरात हे बोलणं होत होतं आणि तो इकडे पलंगाची चादर बदलत होता. राग यायला हवा होता. पण तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं, असं त्याला वाटलं.

ढमी झोपाळ्यावर होती. तो जवळ जाऊन उकिडवा बसला. "ढमे, ते चॉकलेटचं दूध होतं ना, ते चांगलं नव्हतं. मला कळलं नाही. त्याच्यामुळे तुला तसं व्हायचं."

ढमीने पाय टेकवून झोपाळा थांबवला. "म्हणजे मी वाईट नाहीये?"

"नाही गं."

"मला वाटायचं, तुझ्याकडे आले की मी वाईट होते. तुला त्रास होतो. म्हणून आईला सांगितलं, नाही जायचं."

तो मागे गेला आणि तिला झोका देत राहिला, ती "बास बाबा" म्हणेपर्यंत.

दूध बंद झाल्यावर ढमी सावकाश पूर्वीसारखी झाली. शाळेच्या तक्रारी थांबल्या. गप्पिष्ट वॉचमनच्या बायकोकडून ऑम्लेट आणि वरण शिकला. डॉक्टरीणबाईंनी ढमीला तपासून सांगितलं की पोरीचा बांधाच बारीक आहे, तब्येत ठणठणीत आहे. ती शनिवारी सकाळी यायची, अर्धं ताट संपवायची, दुपारी चित्रं काढायची आणि संध्याकाळी परत जायची.

रविवार मात्र परत मिळाला नाही. आधी आईला खात्री हवी होती. ती पटेपर्यंत ढमीचा रविवारचा पोहण्याचा क्लास सुरू झाला, तिकडे तिला मैत्रिणी झाल्या. कुणी अडवलं नव्हतं. ती खुशीत होती, आणि क्लास सोडून रविवारी माझ्याकडे ये, असं तिला सांगणं त्याच्या जिवावर आलं. पिवळ्या पडद्याजवळचा पलंग त्याने काढला नाही. शनिवारी दुपारी ती त्यावर बसून रंगवते.

रविवारची ड्यूटी त्याने आपणहून मागून घेतली. सोबतच्यांना बरंच झालं. त्यांच्या घरी माणसं होती.