राजा तुतनखामून आणि माझे कुलूप

विघ्नहर्त्या गजाननास आणि पितरांस वंदन करून, आजच्या सर्वपित्री अमावास्येच्या निमित्ताने सिंगापुरातील एक प्रसंग सांगतो.

"एक्झिटचे दिवेही बंद करायचे," मॅनेजर मिस्टर टान म्हणाले. "पूर्ण काळोख. मग गार वारा. पब्लिक किंचाळलं पाहिजे."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. जहाजावरची नोकरी सोडून मी एका प्रदर्शनगृहात वीज आणि एअरकॉन सांभाळणारा इंजिनियर झालो होतो. तिथे तुतनखामून या प्राचीन इजिप्शियन राजाच्या थडग्याची प्रतिकृती मांडली होती. सोनेरी मुखवटा, शवपेट्या, रथ. अस्सल काहीच नव्हते, तरी रांग रस्त्यापर्यंत जाई. आता टानसाहेबांना दर तासाला 'राजाचा शाप' दाखवायचा होता.

"ते दिवे मी बंद करणार नाही," मी म्हणालो. "धूर झाला तर माणसांना दार दाखवणारे तेवढेच असतात. शिवाय हा राजा ऐन तारुण्यात गेला. त्या मुलाचे भूत करण्यास माझा हात लागणार नाही."

"फायबरग्लास आहे, लाह. त्याला काय वाईट वाटणार?" सिंगापुरात बोलताना वाक्याला असे 'लाह' जोडतात.

"त्याला नाही. मला वाटते."

"तुमचा पास याच महिन्यात रिन्यू व्हायचाय ना?"

पास म्हणजे तिथे नोकरी करण्याची परवानगी. ती कंपनीच्या हाती.

बुकित पंजांगच्या फ्लॅटवर पत्नीने ऐकून घेतले. "अहो, पास गेला तर सामान बांधावं लागेल. तो राजा तुमचा कोण लागतो?"

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री होती. पितरांचे तर्पण झाल्यावर मी तिळाच्या पाण्याची आणखी एक ओंजळ घेतली. ज्यांना पाणी देणारे कोणी नाही, त्यांचेही स्मरण करावे, असे गुरुजींनी शिकवले होते. नाव घेतले तुतनखामून. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणण्याची आपली रीत. राजा काश्यपगोत्री झाला.

"आता लागतो का कोणी?" मी पत्नीला विचारले.

"लागतो हो. चहा घ्या, उशीर होतोय."

कामावर पोहोचताच, ते दिवे जिथून बंद होतात त्या विजेच्या पॅनेलच्या दाराला मी माझे कुलूप लावले. इंजिनियरने लावलेले कुलूप दुसऱ्याने काढायचे नाही, हा जहाजापासूनचा नियम.

"काढा ते," टान म्हणाले.

"काढणार नाही. कटर तिथे आहे. सर्वांदेखत आपल्या हाताने तोडा. आत काही घडले, तर कोणी तोडले हे सर्वांना ठाऊक असेल."

त्यांनी कटरकडे पाहिले, मग बाहेरच्या रांगेकडे. "गेट उघडा," ते म्हणाले.

शाप झालाच नाही. लोक उजेडात आले, त्या सोनेरी चेहऱ्यासमोर उभे राहिले आणि निघेनात. संध्याकाळी टान कुरकुरले, "कोणी हलतच नाही, लाह. किंचाळले असते तर लवकर बाहेर पडले असते."

माझा पास त्यांनी रिन्यू केला नाही. तो संपण्याआधी एका कोल्ड स्टोरेजमध्ये जागा मिळाली. मी जन्माचा शाकाहारी. पुढे कित्येक वर्षे मासळी गार ठेवली. राजाची ओंजळ मात्र चुकली नाही. आज सकाळीही दिली.

सांगायचे इतकेच की कुलूप आपले असावे आणि किल्ली आपल्याच खिशात असावी.

वाचकहो, तुमच्या पितरांची कृपा तुमच्यावर राहो, आणि घरातल्या प्रत्येकाला बाहेरची वाट नेहमी उजेडात दिसो.